गहू बंद झाला, जेवण नाही: पथ्याच्या घरातला रोजचा स्वयंपाक

गहू बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यात तेच घडतं. कुणीतरी महागडा ग्लूटेन-फ्री ब्रेड मागवतं, तो घशाखाली उतरत नाही. मग पास्ता येतो, त्याचा लगदा होतो. ज्याचं पथ्य आहे तो माणूस मनाशी ठरवून टाकतो की आता जेवणात राम राहिला नाही. दोष पथ्याचा नसतो, खरेदीच्या यादीचा असतो. गव्हाची नक्कल करायला गेलं की प्रत्येक घासाला मूळ पदार्थ आठवतो आणि समोरचा पदार्थ हरतो. त्यापेक्षा ज्यात गहू कधी नव्हताच असे पदार्थ ताटात आणले, तर पथ्य आहे हे जेवताना जाणवतसुद्धा नाही. आपल्याकडे असे पदार्थ भरपूर आहेत. खेड्यापाड्यात पोळी ही कालपरवापर्यंत सणावाराची गोष्ट होती, रोजची ती भाकरीच.

आमच्या घरी मुलीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा करणारा आजार, त्यामुळे हा लेख मुख्यतः गव्हाबद्दल आहे. दूध आणि कांदा-लसूण न सोसणाऱ्यांसाठीही पुढे थोडं लिहिलं आहे, कारण ही दुखणी अनेकदा हातात हात घालून येतात.

पायरी १: आधी तपासणी, मग पथ्य

पोट बिघडतंय म्हणून परस्पर गहू सोडू नका. सिलिअ‍ॅकची पहिली तपासणी रक्ताची असते. तिला टीटीजी-आयजीए म्हणतात, आणि सोबत एकूण आयजीए, म्हणजे रक्तातलं ते प्रतिपिंड, किती आहे तेही पाहतात. त्यानंतर गरजेप्रमाणे दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा तुकडा तपासतात. गहू पोटात जात असेल तरच या तपासण्या खरं बोलतात. दोन-चार महिने पोळी बंद ठेवून तपासणी केली, तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, आणि तो काळ त्रासाचा जातो.

गव्हाचा त्रास तीन वेगवेगळ्या कारणांनी होऊ शकतो. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं, म्हणून तिथे पथ्य जन्मभराचं आणि कणभरही सूट नसलेलं. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणाला तो असेल तर आपलीही तपासणी करून घ्यावी. जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला तो सापडतो. दुसरं कारण गव्हाची अ‍ॅलर्जी. त्यात अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत होतं. श्वासाला त्रास होऊ लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा. अशा माणसाला ‘थोडं देऊन बघू’ हा प्रयोग घरी कधीही करायचा नाही. तिसऱ्या प्रकारात या दोन्ही तपासण्या स्वच्छ येतात, पण गहू खाल्ला की पोट फुगतं. यातल्या काहींना ग्लूटेन बाधतच नाही, बाधतात ती गव्हातली फ्रुक्टान नावाची साखरेच्या कुळातली द्रव्यं. तीच कांद्या-लसणातही असतात. या माणसांना प्रमाण सांभाळलं तरी पुरतं.

तुम्ही यांपैकी कुठे बसता हे कळलं की स्वयंपाकघरात किती कडक राहायचं ते ठरतं. सिलिअ‍ॅक नसताना सिलिअ‍ॅकसारखं जगणं ही उगाचच ओढवून घेतलेली शिक्षा आहे.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध तसा अलीकडेच उमगला. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पावाची टंचाई झाली, आणि त्या दिवसांत ही आजारी मुलं सुधारत असल्याचं दिसलं. पाव परत आला, तशी ती पुन्हा खालावली.

पायरी २: छुपा गहू शोधा

पोळी, ब्रेड, रवा, मैदा, शेवया, लापशी यांत गहू आहे हे सगळ्यांना कळतं. घात होतो तो बाकीच्या ठिकाणी.

हिंगापासून सुरुवात करा. बाजारातला डबीतला हिंग हा बांधानी हिंग असतो. त्यात खरा हिंग थोडा, बाकी डिंक आणि पीठ. ते पीठ बहुधा गव्हाचं किंवा मैद्याचं. म्हणजे रोजच्या फोडणीतून, आमटीतून, लोणच्यातून, पापडातून गहू येतोच. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. डबीवर घटक वाचून तो घ्या, किंवा खडा हिंग आणून घरी कुटा. विकतचा गोडा मसाला, सांबार मसाला आणि लोणचं घेतानाही हिंगाचा हा मुद्दा लक्षात ठेवा.

मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी मूठभर गहू भाजून घालतात. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. मालवणी वड्यांच्या पिठातही कुणी कुणी गहू घालतात. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत बहुधा बार्लीचं माल्ट असतं, आणि बार्लीतही ग्लूटेन असतंच. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, म्हणून गाडीवरचा चायनीज राइस भाताचा असूनही चालत नाही. ओट्समध्ये गहू मिसळलेला असण्याची शक्यता मोठी, आणि काही रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. सुरुवातीला ते दूरच ठेवा.

खपली गव्हाबद्दल मला सतत विचारलं जातं. ‘जुनं वाण आहे, पचायला हलकं, ते चालेल ना?’ सिलिअ‍ॅकला चालत नाही. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. ‘मल्टिग्रेन’, ‘नाचणी बिस्किट’, ‘ज्वारी ब्रेड’ हे शब्दही पाकिटाच्या दर्शनी बाजूला मोठे असतात, मागे उलटून पाहिलं की पहिला घटक मैदा. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि अशा पाकिटांना ऊत आला.

वाचायचं असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या नियमांनुसार ग्लूटेन असलेली धान्यं घटकांत असतील तर तसं वेगळं नमूद करावं लागतं, आणि ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असून चालत नाही.

पायरी ३: गिरणी, पोळपाट आणि तळणीचं तेल

सिलिअ‍ॅकच्या घरात सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे कोपऱ्यावरची गिरणी. तुमची ज्वारी निवडलेली, धुतलेली, पण आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू त्याच जात्यातून गेलेले. पहिलं किलो-दोन किलो पीठ त्या गव्हाचा अंश घेऊनच खाली येतं. गिरणीवाला भला माणूस असतो, ‘ताई, झटकून देतो’ म्हणतो, पण झटकून ते जात नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा होऊ शकते. एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचा चाळीसावा-पन्नासावा तुकडा झाला. पिठातली चिमूटभर भेसळ तेवढी सहज भरते.

म्हणून परवडत असेल तर पहिला खर्च घरघंटीचा करा, आणि तिच्यात गहू कधीही दळू नका. बाकीच्यांचे गहू बाहेर दळू देत. घरघंटी जमत नसेल तर पथ्याची दोन-तीन कुटुंबं मिळून एक घ्या. तेही शक्य नसेल तर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं पाकिटातलं पीठ घ्या, थोडं महाग पडलं तरी. धान्य आणलं की पसरून निवडायचं. सुट्या ज्वारीत आणि डाळींत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. निवडून झालं की धुऊन कडक वाळवायचं.

घरात बाकी सगळे पोळी खात असतील तर काही वस्तू वेगळ्या लागतात: लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी, तवा, लाकडी उलथनं. लाकूड आणि जाळी पीठ धरून ठेवतात. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे, त्यांची दोन खाती करायची गरज नाही. लोणच्याच्या बरणीत आणि तुपाच्या भांड्यात पोळीचा हात जाणार नाही एवढं पाहा. तळणीचं तेल पथ्याचं आधी वापरायचं, मग बाकीचं. उलट कधीच नाही.

हे वाचायला जड वाटतं. महिनाभरात ते अंगवळणी पडतं आणि पुढे त्याचा विचारही करावा लागत नाही. आमच्याकडे शेवटी सोयीसाठी रात्रीचं जेवण सगळ्यांचंच बिनगव्हाचं झालं. एका भांड्यातलं सगळ्यांनी खाण्यात जी मजा आहे ती वेगळ्या डब्यात नाही.

पायरी ४: जे आधीच चालतं त्याची यादी

एक कागद घ्या आणि घरात गेल्या वर्षभरात झालेले, गहू नसलेले पदार्थ लिहा. नवी पाककृती एकही नको. पोहे, साबुदाण्याची खिचडी, उपमा वऱ्यांचा, घावन, आंबोळी, इडली, डोसा, धिरडं, मुगाच्या डाळीचे वडे. वरणभात, पिठलं-भात, झुणका-भाकरी, कुळथाचं पिठलं, मसालेभात, मऊ भात-तूप. भरीत, भरली वांगी, उसळी, मासे, कोंबडी, मटण. मिसळ पावाशिवाय. सोलकढी, आंबील, कोशिंबिरी. यादी पाहून पथ्याच्या माणसाचा चेहरा बदलतो, हे मी स्वतः पाहिलंय.

यात उपवासाचे पदार्थ हा मोठा खजिना आहे. वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, रताळं, शेंगदाणे यांपैकी कशातच गहू नाही. उपवासाची भाजणी घरी दळली की थालीपीठ एकादशीचं न राहता मंगळवारच्या नाश्त्याचंही होतं. फक्त साबुदाण्यावर फार विसंबू नका. तो पोट भरतो, पण त्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं. सिलिअ‍ॅकमध्ये लोह आणि कॅल्शियम आधीच कमी पडलेलं असतं, म्हणून नाचणी हाताशी हवी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

पायरी ५: भाकरी नीट शिका

शहरातल्या बऱ्याच घरांत भाकरी नकोशी होते, कारण ती वाईट केलेली असते. कडक, चिरलेली, गार. चांगली भाकरी एकदा जमली की गव्हाची आठवण निम्मी कमी होते, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा यावर वेळ घालवा.

पीठ ताजं हवं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात. थोडं थोडंच दळा, दहा-बारा दिवस पुरेल एवढं. बाजरीचं तर त्याहूनही कमी, कारण तिच्यातल्या स्निग्धांशामुळे पीठ लवकर कडवट होतं. ज्वारी घेताना रब्बीची घ्या. सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर भाकरी पांढरी, मऊ आणि गोडसर होते.

नव्याने शिकणाऱ्यांनी पाणी उकळून घ्यावं. परातीत कपभर पीठ आणि चिमूटभर मीठ घ्या, मध्ये खळगा करून पाऊण कप उकळतं पाणी ओता, चमच्याने कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल एवढं निवलं की तळहाताच्या टाचेने दाबून दाबून मळा. लागेल तसा पाण्याचा हात घ्या. गोळा गुळगुळीत झाला पाहिजे, बोटाने दाबल्यावर कडेला चीर पडता कामा नये. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका, एकेका भाकरीचं मळा.

परातीत कोरडं पीठ पसरा, गोळा चपटा करा आणि बोटांनी मधून कडेकडे थापत फिरवा. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर येईल अशी टाका, आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवा, कडेपर्यंत. पाणी सुकत आलं, पुरतं सुकलं नाही, की उलटा. दुसरी बाजू नीट भाजू द्या. मग पहिली बाजू सरळ आचेवर धरा. पापुद्रा सुटला की भाकरी टम्म फुगते. फुगली नाही तर पाणी उशिरा लावलं असेल किंवा कुठेतरी चीर असेल. चवीला ती तशीही चांगलीच लागते.

थापणं जमेपर्यंत दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटा, कुणी नावं ठेवत नाही. तांदळाच्या आणि नाचणीच्या भाकरीला पातेल्यात उकड काढून घेतली की काम सोपं होतं. खानदेशातली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, ठेच्याबरोबर आणि भरिताबरोबर एकदा खाऊन पाहाच. हिवाळ्यात बाजरीच्या भाकरीवर तीळ, लोणी आणि गूळ.

आणि पोळीच हवी असेल तर? डब्यासाठी, गुंडाळून न्यायला, कधी तरी हवी असते. कपभर ज्वारीच्या पिठात एक चमचा इसबगोल घालून उकळत्या पाण्यात मळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. इसबगोल चिकटपणा देतो, त्यामुळे पातळ लाटता येते आणि भाजी भरून गुंडाळताना मोडत नाही. ती गव्हाच्या पोळीसारखी लागत नाही, पण डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते.

पायरी ६: दूध आणि कांदा-लसूण

सिलिअ‍ॅकचं नवं निदान झालेल्यांना बऱ्याचदा दूधही सोसत नाही. आतड्याच्या ज्या अस्तरात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं द्रव्य तयार होतं तेच झिजलेलं असतं. काही महिन्यांच्या पथ्यानंतर अस्तर भरून आलं की अनेकांना दूध पुन्हा चालू लागतं. तोवर, किंवा मुळातच लॅक्टोज न पचणाऱ्यांनी, दुधाच्या पदार्थांची उतरंड लक्षात ठेवावी. तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच. विरजणामुळे दह्या-ताकात ते कमी होतं, आणि चक्का बांधताना पाण्याबरोबर आणखी निघून जातं. बासुंदी, खवा, पेढे यांत ते आटून एकवटलेलं असतं. शिवाय बऱ्याच जणांना कपभर दूध जेवणाबरोबर घेतलं तर काही होत नाही, उपाशीपोटी घेतलं तर होतं. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे दुधाचं काहीच नको, तूपसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. नारळाचं दूध सगळ्यांना मोकळं. गुळाची तांदळाची खीर नारळाच्या दुधात करा. मला ती गाईच्या दुधातल्या खिरीहून सरस वाटते.

कांदा-लसूण बाधत असेल तर चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या आजीला गाठा. आषाढात कांदेनवमीला कांद्यावर आडवा हात मारून पुढे कार्तिकीपर्यंत त्याला न शिवणाऱ्या घरांत चार महिने जेवण काही बेचव नसतं. चिंच-गुळाची आमटी, गोडा मसाला, ओलं खोबरं, हिंग, कढीपत्ता, आलं यांवर सगळं निभतं. लसणाच्या वासाशिवाय अडत असेल तर एक युक्ती आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. नुसत्या तेलात लसणाच्या पाकळ्या परतून लालसर करा, सगळ्या काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी करा. वास राहतो, त्रास देणारा भाग पाकळीबरोबर जातो. पातीच्या कांद्याचा हिरवा भागही बहुतेकांना सोसतो. आणि फ्रुक्टान सोडून पाहायचे असतील तर दोन ते सहा आठवडे सोडा, नंतर एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणा आणि वहीत लिहीत जा. कायमचं काही सोडून बसू नका.

पायरी ७: घराबाहेर

‘एवढ्याशाने काय होतंय?’ हा प्रश्न प्रत्येक समारंभात येणार. वाद घालू नका, आजाराची माहितीही देत बसू नका. ‘मावशी, डॉक्टरांचं पथ्य आहे, पण तुमची आमटी दोनदा घेईन’ एवढं पुरतं. आमटीच्या हिंगाची चौकशी मात्र आधीच फोनवर करून ठेवायची.

पंगतीचं ताट पाहिलं तर डावी बाजू आणि भात बहुतेक आपलंच असतं: कोशिंबीर, चटणी, वरण-भात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, मठ्ठा. जिलबी आणि पुरी सोडा. पहिल्या पंगतीला बसा. तेव्हा वाढप्यांचे हात पुऱ्यांत गेलेले नसतात आणि डावही अदलाबदल झालेले नसतात. पूजेला बोलावणं असेल तर यजमानांना दोन दिवस आधी विचारा की प्रसादाचा थोडा शिरा राजगिऱ्याचा करता येईल का. नाहीतर फळ घ्यावं. प्रसादाचा मान राहतो.

हॉटेलात गेल्यावर इडली सगळ्यात निर्धोक, डोशाचा तवा रवा डोशाचाही असतो, आणि सांबारात हिंग असतोच. मालवणी खानावळीत माशाला रव्याऐवजी तांदळाचं पीठ लावून, वेगळ्या तव्यावर भाजून मागा. गर्दीची वेळ टाळून गेलात तर हौसेने करून देतात. बटाटावडा बेसनाचा असला तरी त्याच तेलात समोसे पोहत असतात. भेळेत पुरी चुरलेली असते, नुसते कुरमुरे-कांदा-शेंगदाणे मागून घ्या.

प्रवासाला सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. भाकरी अनेक दिवस टिकते, दह्यात किंवा आमटीत कुस्करून खाता येते. घेताना ती नुसत्या ज्वारी-बाजरीची आहे का आणि दळण कुठलं, ते विचारा. राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की पिशवीत कायम असू देत. परदेशी राहणाऱ्यांना भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ सहज मिळतं, पण पाकिटावर ‘गहूही हाताळला जातो’ असं लिहिलेलं असेल तर ते सोडा आणि तिथलं प्रमाणित सोर्घम पीठ घ्या. ती ज्वारीच.

पायरी ८: सणांची अदलाबदल आधीच ठरवा

गणपतीत प्रश्नच नाही, उकडीचे मोदक तांदळाचे. नागपंचमीला दिंडांऐवजी हळदीच्या पानातल्या पातोळ्या. होळीला पोळी नाही, पण पुरण आहे. वाटीभर गरम पुरण, वर तूप, सोबत कटाची आमटी. काकडीच्या दिवसांत तांदळाच्या कण्यांची तवसळी.

दिवाळीच्या फराळात बेसनाचे लाडू, शेव, पोह्यांचा चिवडा, तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली आणि अनारसे हे सगळं चालतं. हिंग आणि दळण आपलं असलं की झालं. करंज्या आणि शंकरपाळे बाकीच्यांसाठी करायचेच असतील तर शेवटच्या दिवशी करा. मैदा हवेत उडतो आणि ओट्यावर बसतो, म्हणून त्याआधी पथ्याचा फराळ डब्यांत भरून, झाकणं लावून, डब्यांवर नाव लिहून वरच्या फळीवर ठेवून द्या.